लाइट गेल्यावर कुठलं इंधन? कोकणातल्या घरासाठी छोटा जनरेटर घेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दीड-दोन किलोमीटर आत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतले पोल मुळासकट आडवे झाले आणि लाइट यायला चोवीस दिवस लागले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेलं तेव्हा परत आठवडाभर अंधार. तेव्हापासून मुंबई-पुण्याचे आमचे चाकरमानी नातेवाईक, शेजारी, ओळखीपाळखीचे सगळे फोन करून हेच विचारतात की जनरेटर घ्यायचाय, पेट्रोलचा घेऊ, डिझेलचा घेऊ का गॅसचा. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. हे सोसायटीच्या मोठ्या जनसेटबद्दल नाही, दोघांनी उचलून अंगणात नेता येईल अशा १ ते ५ केव्हीएच्या (केव्हीए म्हणजे जनरेटरची ताकद मोजायचं माप) मशीनबद्दल आहे.

एका वाक्यात सांगा ना, कुठलं इंधन चांगलं?

लाइट जाऊन चार दिवस झाल्यावर जे इंधन तुमच्या हाताशी असेल ते.

दुकानात गेलात की किंमत, आवाज, वॉरंटी, तासाला किती पितं हे सगळं सांगतात पण हे कोणी विचारत नाही. पेट्रोल पंपाचं मशीनही लाइटवरच चालतं हे आपल्या डोक्यातच येत नाही. निसर्गच्या वेळी रस्त्यावर झाडं आडवी, मोबाइलला रेंज नाही, एटीएम बंद, आणि आमच्या जवळचा पंप तीन दिवस बंद होता कारण त्यांच्याच जनरेटरला काहीतरी झालेलं, चौथ्या दिवशी सुरू झाला तर ही एवढी लाइन, माणशी ठरावीकच पेट्रोल, आणि हातात प्लास्टिकची बाटली असेल तर सरळ नाही म्हणायचे. तेव्हा आधी तुमच्या गावात काय मिळतं, घरात काय साठवता येतं आणि साठवलेलं किती महिने टिकतं हे बघा, बाकीचं सगळं नंतर.

पेट्रोलचाच सगळे घेतात, मग तो का नको?

नको असं नाहीच. पेट्रोलचं मशीन हलकं असतं, स्वस्त असतं, दोरी ओढली की चालू होतं, दुरुस्ती कुठलाही टू-व्हीलर मेकॅनिक करून देतो आणि अगदीच अडलं तर स्वतःच्या बाइकमधून दोन लिटर काढता येतं. महिन्यातून तीन-चार वेळा दोन-चार तास लाइट जाते एवढाच त्रास असेल आणि तुम्ही बारा महिने घरात राहत असाल तर डोळे झाकून पेट्रोलचा घ्या.

त्रास दोन आहेत, एक म्हणजे जास्त साठवता येत नाही आणि दुसरं म्हणजे साठवलेलं खराब होतं. खर्चही आहेच म्हणा, आमच्या २.५ केव्हीएच्या मशीनवर एका लिटरमधून जेमतेम सव्वा युनिट वीज निघते, पेट्रोल शंभराच्या वर आहे म्हणजे युनिटला ऐंशी रुपये तरी पडले. पण वादळात युनिटचा हिशोब कोण करतो, फ्रिजमधलं इन्सुलिन खराब होऊ नये एवढंच असतं डोक्यात.

घरात पेट्रोल किती ठेवायला परवानगी आहे?

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विकण्यासाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल लायसन्सशिवाय ठेवता येतं, पण ते घट्ट झाकणाच्या भांड्यात, आणि भांडं धातूचं असेल तर २५ लिटरपेक्षा मोठं नको, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर १ लिटरपेक्षा मोठं नको. प्लास्टिकचे कॅन सगळे वापरतात पण कायद्यात ते बसत नाहीत आणि उन्हात फुगलेला कॅन उघडताना जो भपकारा येतो तो एकदा अनुभवलात तर परत वापरणार नाही. पत्र्याचा चांगला जेरीकॅन घ्या, घरापासून लांब, गोठ्यापासूनही लांब, सावलीत ठेवा.

डिझेलला मात्र ही मर्यादा बरीच सैल आहे, २,५०० लिटरपर्यंत लायसन्स लागत नाही. आपल्याला एवढं लागणारच नाही पण फरक लक्षात यावा म्हणून सांगितलं.

जुन्या पेट्रोलने खरंच मशीन बंद पडतं का हो?

पडतं, आणि नेमकं गरजेच्या दिवशी पडतं. आमचंच सांगतो. दिवाळीला वापरून झाल्यावर मशीन तसंच पोतं टाकून पडवीत ठेवलं होतं, टाकीत अर्धं पेट्रोल. जूनमध्ये वादळ ओसरल्यावर संध्याकाळी दोरी ओढायला घेतली, मी ओढली, भावाने ओढली, हाताला फोड आले तरी फट् नाही का फुट् नाही. प्लग काढून बघितला, ठिणगी व्यवस्थित पडत होती. मग बॅटरीच्या उजेडात कार्बोरेटरची (इंजिनात जायच्या आधी पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात तो भाग) खालची वाटी उघडली तर आत पेट्रोल नव्हतंच, पिवळसर चिकट साखरेच्या पाकासारखं काहीतरी बसलेलं आणि वास जुन्या वॉर्निशचा. जेटचं, म्हणजे पेट्रोल ज्यातून वर ओढलं जातं त्या तोटीचं, भोक एवढं बारीक असतं की त्यात हा पाक गेला की संपलं. वायर सोलून त्यातली तांब्याची एक बारीक तार काढली, ती जेटमधून हळूहळू फिरवली, बाइकमधलं ताजं पेट्रोल घेऊन सगळं धुतलं, परत बसवलं, तेव्हा रात्री साडेदहाला कुठे मशीन चालू झालं. तोपर्यंत आई विहिरीवरून कळशीने पाणी आणत होती, वय ६८.

यावर उपाय अगदी साधा आहे. काम झालं की बटण दाबून मशीन बंद करू नका, फ्युएल कॉक म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ बंद करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. दोन महिन्यांपेक्षा जास्त वापरणार नसाल तर टाकीही रिकामी करा, काढलेलं पेट्रोल बाइकमध्ये घाला. आणि महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवायचंच, तेही नुसतं नाही, फ्रिज-पंखे जोडून.

आता ई-२० पेट्रोल आलंय, त्याने जनरेटरला काही होतं का?

हो, लक्ष द्यायला हवं. आता पंपावर येणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातला पावसाळा म्हणजे कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथे पेट्रोलचं काय घेऊन बसलात. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतं, वर पेट्रोल राहतं, आणि मशीन नेमकं तळातलं ओढतं. शिवाय जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि वॉशर याने फुगतात, कडक होतात. जुन्या मशीनच्या माहितीपुस्तकात बऱ्याचदा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं, ते वाचा, नवीन घेताना ई-२० ला चालतं का हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. माझ्या मते ई-२० आल्यापासून पेट्रोल साठवून ठेवणं हा पर्याय आणखीनच कमजोर झालाय.

डिझेल स्वस्त पडतं आणि टिकतं, मग डिझेलचा का नाही?

टिकतं हे खरं, नीट बंद डब्यात सहा महिने ते वर्षभर चांगलं राहतं. पेट्रोलसारखा लगेच भडका उडत नाही. एका लिटरमध्ये दोनेक युनिट वीज निघते. आणि गावात ट्रॅक्टर, पॉवर टिलर, बंदरावर होड्या, म्हणजे डिझेल कुणा ना कुणाकडे सापडतंच, निसर्गच्या वेळी हर्णै बंदराच्या बाजूच्या ओळखीच्यांकडून आम्हाला दहा लिटर डिझेल मिळालं असतं पण आमचं मशीन पेट्रोलचं, घेऊन करणार काय?

पण वजन बघितलंत का? ३ केव्हीएचं डिझेल मशीनही शंभर किलोच्या आसपास जातं, चाकं असली तरी चिऱ्याच्या पायऱ्यांवरून कोण उतरवणार. धडधड आवाज, किंमत जास्त, आणि १ जुलै २०२३ पासून जनसेटला प्रदूषणाचे नवे कडक नियम लागलेत.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. डिझेल इंजिनाला लोड लागतो. तीन पंखे आणि चार दिवे लावून ५ केव्हीएचं डिझेल मशीन तासन् तास चालवलंत तर इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमधून काळं तेलकट गळायला लागतं. म्हणून विहिरीवर दीड-दोन एचपीची मोटर आहे, बागेला पाणी द्यायचंय, रोज चार-पाच तास चांगला लोड आहे तर डिझेल घ्या, नाहीतर नका घेऊ. नारळ-सुपारीची बाग असलेल्यांना मी डिझेलच सांगतो.

आमच्याकडे बाबांचा रॉकेलवरचा जुना जनरेटर आहे, तो चालवू का?

भारनियमनाच्या काळात दुकानादुकानात तीच मशीनं असायची, श्रीराम होंडाची वगैरे. पेट्रोलवर चालू करायचं, इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर. मशीनं दणकट होती यात वाद नाही. पण रॉकेल आणणार कुठून? रेशनवरचं निळं रॉकेल आता जवळपास बंदच झालंय आणि खुल्या बाजारातलं शोधत फिरावं लागतं. इंजिन चांगलं असेल तर पूर्ण पेट्रोलवर चालवता येतं का ते मेकॅनिकला दाखवा. साध्या पेट्रोल मशीनमध्ये रॉकेल मिसळून बघू नका, ऑइल पातळ होतं आणि इंजिन जातं.

गॅसवरचा जनरेटर खरंच चालतो का?

चालतो, आणि अचानक येणाऱ्या संकटासाठी मला तरी तोच सगळ्यात पटतो. कारण एकच, गॅस खराब होत नाही. सिलेंडरमध्ये पाच वर्षं पडून राहिला तरी तसाच. कार्बोरेटरमध्ये पाक नाही, ओलाव्याचा प्रश्न नाही, ऑइल जास्त दिवस स्वच्छ राहतं, धूर आणि वास कमी. पेट्रोल आणि गॅस दोन्हीवर चालणारी मशीनंही मिळतात, एक खटका फिरवला की झालं.

कमी काय आहे तर पॉवर. तेच मशीन गॅसवर साधारण दहा टक्के कमी ताकद देतं, म्हणजे मोटर उचलण्याइतकी जागा धरून मशीन घ्या. दुसरं म्हणजे गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत खड्ड्यात, विहिरीच्या कठड्याच्या आत, खोलगट जागेत साचतो. सिलेंडर कायम उभा, उघड्यावर, मशीनपासून थोडा लांब, आणि नळी आयएसआय मार्कची. साबणाच्या पाण्याने सांधे दर वेळी तपासा, बुडबुडा आला तर चालू करू नका.

स्वयंपाकघरातलाच सिलेंडर लावला तर?

नाही. १४.२ किलोचा घरगुती सिलेंडर कायद्याने स्वयंपाकासाठीच आहे. जनरेटरसाठी १९ किलोचं व्यावसायिक कनेक्शन घ्या. महाग पडतं मान्य, पण एक गोष्ट लक्षात घ्या, वादळात घरचा सिलेंडर जनरेटरने संपवलात तर चूल कशावर पेटवणार? तेव्हा सरपणही ओलं असतं.

आणि ५ किलोच्या छोट्या सिलेंडरवर मोठं मशीन ओढायला जाऊ नका. द्रव गॅसची वाफ व्हायला बाहेरची उष्णता लागते, छोट्या सिलेंडरला तेवढा पत्राच नसतो, मग खालचा भाग घामेजतो, बर्फ धरतो, प्रेशर पडतं आणि मशीन गचके खात बंद होतं. लोक म्हणतात गॅस संपला, आत अर्धा शिल्लक असतो.

मुंबई-पुण्यात पाइपने गॅस येतो, त्यावर जनरेटर लावता येईल?

घरगुती पाइप गॅस फक्त २१ मिलिबार प्रेशरने येतो आणि मीटर सहसा तासाला अडीच घनमीटरपर्यंतचा असतो. त्यामुळे कागदावर छोटं मशीन चालेलही पण गॅस कंपनीच्या परवानगीशिवाय त्या पाइपला हात लावायचा नाही. आणि मुळात फ्लॅटमध्ये जनरेटर ठेवणार कुठे? बाल्कनीत कुठल्याच इंधनावरचा चालवू नका. फ्लॅटसाठी चांगला इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी, बस्स.

किती इंधन लागेल याचा अंदाज कसा काढायचा?

आमच्या घराचा हिशोब देतो. फ्रिज, चार पंखे, दिवे, टीव्ही, मोबाइल मिळून सहाशे-सातशे वॅट, आणि १ एचपीची मोटर जी चालताना हजारेक वॅट घेते पण सुरू होताना एक क्षण त्याच्या तिप्पट ओढते. म्हणून मोटर लावताना फ्रिज काढून ठेवतो, मोटर उचलली की मग बाकीचं. दिवसभर मशीन चालवायचं नाही हे पहिल्या तीन दिवसांत शिकलो. सकाळी दोन तास, त्यात पाण्याची टाकी भरायची, मिक्सर, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर चार्जिंगला. संध्याकाळी सात ते दहा तीन तास. फ्रिजचं दार मध्ये उगाच उघडलं नाही तर तेवढ्यात गार राहतो.

पाच तासांना पेट्रोल साधारण चार लिटर जातं. म्हणजे कायद्यातले ३० लिटर भरून ठेवलेत तरी सात-आठ दिवस. गॅसला तासाला सहाशे ग्रॅम धरा, दिवसाला तीन किलो, १९ किलोचा सिलेंडर सहा दिवस, दोन सिलेंडर असतील तर बारा दिवस आणि ते दोन वर्षं पडून राहिले तरी चालतात. आमचे चोवीस दिवस यातल्या कशातच बसत नाहीत, पण दहा-बारा दिवसांत रस्ता मोकळा होतो, पंप सुरू होतो, कोणीतरी दापोलीहून आणून देतं. तो मधला काळ काढायचा असतो.

एवढं चालवायचं तर ऑइल रोज बघा. नवीन मशीनचं पहिलं ऑइल वीस तासांत बदलायला सांगतात, म्हणजे पाच तासांच्या हिशोबाने चौथ्या दिवशीच. एक लिटर ऑइल आणि एक जादा प्लग घरात हवाच.

गॅसवर धूर होत नाही, मग पाऊस आहे म्हणून पडवीत चालवला तर काय बिघडलं?

जीव जातो. कृपा करून हे नीट वाचा. इंधन कुठलंही असो, इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यात जात नाही, खोकला येत नाही. गॅसचा धूर दिसत नाही म्हणून माणूस जास्तच बेफिकीर राहतो. तौक्तेच्या रात्री आमच्या शेजारच्या काकूंनी पाऊस लागू नये म्हणून मशीन पडवीत ठेवलं होतं, दार थोडंसं उघडं कारण वायर आत घ्यायची होती. तासाभरात डोकं दुखायला लागलं, उलटीसारखं झालं, त्यांना वाटलं पित्त आहे, आडव्या पडल्या. त्यांची नात दहावीची, तिलाही गरगरायला लागलं पण ती कशीबशी उठून आमच्या दारात आली म्हणून आम्ही धावलो, मशीन बंद केलं, दोघींना बाहेर उघड्यावर आणून बसवलं. काकूंचे हात गार पडले होते आणि त्या काय बोलत होत्या ते त्यांनाच कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बऱ्या झाल्या पण अजून वीस मिनिटं गेली असती तर काय झालं असतं ते मला आजही मनात आणवत नाही.

घरापासून किमान वीस फूट लांब, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट बाजूला, जवळची खिडकी-दार बंद. पावसासाठी चार खांबांवर पत्रा टाका, चारी बाजू उघड्या. पेट्रोल भरताना मशीन बंद करा आणि पंधरा मिनिटं गार होऊ द्या. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो, तो झोपायच्या खोलीत लावा.

दोन्हीकडे पिन लावलेली वायर प्लगमध्ये घातली की सगळ्या घराला लाइट मिळते ना?

मिळते, आणि मीटरमधून उलटी पोलवरही जाते. लाइन बंद आहे म्हणून वर चढलेल्या वायरमनला ती लागते. आमच्याकडे ते लोक भर पावसात, चिखलात दोर बांधून पोल उभे करत होते, कित्येक दिवस घरी गेले नव्हते. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी एकतर लाइनला नाहीतर जनरेटरलाच जोडणारा खटका, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, अर्थिंगसकट. तोपर्यंत सरळ एक्स्टेंशन बोर्ड मशीनला लावा आणि त्यावर फ्रिज-पंखे चालवा.

आमचं घर दहा महिने बंद असतं, मे महिन्यात आणि गणपतीला फक्त येतो. आम्ही काय घ्यावं?

तुमच्यासाठी दोन्हीवर चालणारं, गॅस आणि पेट्रोलचं, २.५ ते ३ केव्हीए, आणि ते गॅसवरच चालवायचं. पेट्रोलची बाजू फक्त गॅस संपला तर, टाकी कायम कोरडी ठेवायची. जाताना सिलेंडरचा रेग्युलेटर काढा, टोपी लावा, सिलेंडर बंद खोलीत ठेवू नका, बाहेर जाळीच्या कपाटात उभा ठेवा. मशीन पोत्यात नको, पोतं ओलावा धरतं आणि उंदीर वायर खातात, फळीवर उचलून ठेवा आणि वरून ताडपत्री सैल टाका. इलेक्ट्रिक स्टार्ट असेल तर बॅटरी काढून शेजाऱ्यांकडे चार्जिंगला द्या नाहीतर गणपतीला ती मेलेली सापडणार, दोरीचं मशीन तुम्हाला जास्त बरं. आणि गणपतीला येता तेव्हा आदल्या संध्याकाळी येऊन लगेच एकदा चालवून बघा, लाइट असली तरी, कारण सकाळी मोदकांसाठी नारळ खवून ठेवलाय, तांदूळ मिक्सरला लावायचेत आणि तेव्हाच लाइट जाते.